देव्हाऱ्यातली हाथाजोडी

वनखात्याचे साहेब आमच्या शाळेत आले ते माझ्याच आग्रहावरून. बाजारात पोपट विकणाऱ्यांची खबर मी त्यांना एक-दोनदा दिली होती. तेव्हापासून माझं मलाच फार कौतुक वाटत असे. स्टाफरूममध्ये कुणी विचारो न विचारो, मी तो किस्सा सांगत असे. साहेब मुलींना म्हणाले, आमची माणसं मोजकी आहेत, शिकारी पकडायचे तर तुमचे डोळे-कान हवेत. मी अगदी पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होते.

मग पडद्यावर चित्रं सुरू झाली. कासवं, घुबडं, आणि नंतर लाल कापडावर ठेवलेली, शेंदराने माखलेली एक वाळकी वस्तू. दोन हात जोडावेत तशी दिसणारी.

"इसे हाथाजोड़ी कहते हैं," साहेब म्हणाले. "जंगल की जड़ी बताकर बेचते हैं, कि घर में लक्ष्मी टिकेगी. यह जड़ी-वड़ी कुछ नहीं है. नर गोह का गुप्तांग है."

गोह म्हणजे घोरपड. गंगेपलीकडच्या डोंगरातल्या सरकारी जंगलात फासे लावून तिला धरतात, चटके देतात, तो भाग बाहेर आला की कापून घेतात. साहेब हे सांगत होते आणि मागच्या बाकांवरच्या मुली तोंडावर ओढणी धरून खिदळत होत्या. मला हसू येईना, कारण ती वस्तू आमच्या देव्हाऱ्यात होती.

आमचं घर गंगेकाठी, पंचगंगा घाटावरच्या गल्लीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पूजा बाबा सांगत आणि त्यांची उतरण्या-जेवण्याची सोयही आमच्याकडेच असे. घरात कांदा-लसूण येत नसे. मी बाजारातून आले की पाय धुतल्याशिवाय आत्या मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातसुद्धा उभी करत नसे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. देव्हारा तिच्या ताब्यात. त्यात बाळकृष्णाशेजारी चांदीच्या करंड्यात हाथाजोडी असे, आणि आत्या तिला न चुकता शेंदूर लावी, लवंग वाही. यात्रेकरू बायका विचारत, हे काय हो आत्याबाई? आत्या सगळं माहात्म्य सांगून वर पत्ताही देई: घाटाच्या पायऱ्यांवर छत्रीखाली माळा-रुद्राक्ष विकतो ना, तो मागितली की आणून देतो. त्याला आमच्या घरासारखी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती.

संध्याकाळी आत्याला सांगायला बसले आणि लक्षात आलं की आपल्याकडे शब्दच नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई मी, पण आत्यासमोर माझी जीभ उचलेना.

"आत्या, ते मूळ नाहीये. घोरपडीचं आहे."

"घोरपडीचं काय? पंजा?"

"पंजा नाही."

"मग काय? नीट बोल की. शाळेत पण अशीच शिकवतेस?"

शेवटी डोळे मिटून सांगून टाकलं. आत्या हातातली वात वळत राहिली. तिची मान, कान सगळं लाल झालं होतं. तिच्याकडे बघून मलाही इतकं लाजिरवाणं वाटलं की उठून जावंसं वाटलं. पण ती चिडली ती भलत्याच गोष्टीवर. "जिवंतपणी कापतात म्हणालीस?"

"हो."

"आणि मी सगळ्यांना त्याच्याकडे धाडते. बोलाव तुझ्या साहेबाला. मी सांगते कुणाकडून घेतली ते. मला कुणाचा डर आहे?"

साहेबांना फोन केला तर ते खूश. छत्रीवाला माल जवळ बाळगत नाही, म्हणून आजवर हाती लागला नव्हता. त्याच्याकडूनच घेतलेली एक हाथाजोडी आणि घेणाऱ्याचा जबाब मिळाला की त्याला उचलता येईल, आणि त्याच्यामार्फत फासे लावणाऱ्यांपर्यंत पोहोचता येईल. नाहीतर कार्तिकात यात्रेकरूंची गर्दी झाली की पुन्हा जंगलात घोरपडी कापल्या जातील. आपण होऊन दिलीत तर आत्याजींना साक्षीदार करू, त्रास होऊ देणार नाही, असंही म्हणाले. सकाळी येतो, करंडा आहे तसा ठेवा.

बाबांनी जेवताना सगळं ऐकून घेतलं.

"पंचनाम्यात काय लिहितील? कुणाच्या घरात, कुठे सापडलं?"

"लिहू देत," आत्या म्हणाली. "घेतली मी, ठेवली मी."

"तुझं काय जातंय? घाटावर मला बसायचं असतं. देव्हाऱ्यात असलं पुजणाऱ्याच्या हातून पिंड कोण पाडून घेईल?"

ते ताटावरून उठले. मला वाटलं, बडबड करतील आणि निवळतील. वडिलांना मी तेवढंच ओळखत होते.

सकाळी नेहमीप्रमाणे ते स्नानाला गेले आणि परतले तेव्हा ओल्या धोतराबरोबर हातात करंडाही होता. लख्ख घासलेला. त्यांनी हाथाजोडी गंगेत सोडली होती. तीसुद्धा गुपचूप नाही, पायऱ्यांवर उभं राहून, मंत्र म्हणून, देव बुडवावा तशी. आल्या आल्या घरभर गोमूत्र शिंपडलं, देव धुतले, आम्हालाही पुन्हा आंघोळ करायला लावली.

"झालं, घर शुद्ध झालं," म्हणाले. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. आमच्या घरात जे नको ते गंगेत सोडतात, निर्माल्य, भंगलेली मूर्ती, फाटकी पोथी. त्यानंतर त्याची चौकशी कुणी करत नाही. आत्या देव्हाऱ्यासमोर पाठमोरी बसून होती. तिने करंडा आत घेतला नाही.

साहेब आले ते एका शिपायाला आणि माल सीलबंद करायला लाखेची पेटी घेऊन. मी त्यांच्यासमोर रिकामा करंडा धरला. माझ्या आयुष्यात माझे हात इतके नकोसे मला कधी वाटले नाहीत. बाबा आतल्या खोलीत मोठ्याने स्तोत्र म्हणत होते. साहेबांनी करंडा उलटसुलट करून पाहिला, कडेला शेंदूर तरी राहिलाय का ते पाहिलं.

"मैं बयान देती हूँ, लिखो," आत्या म्हणाली.

"माताजी, माल के बिना बयान का क्या करूँ?" ते रागावले नाहीत. जाताना मला म्हणाले, "कोई बात नहीं मैडम. आप लोग धार्मिक लोग हैं." ते चार शिव्या देऊन गेले असते तर मी कृतज्ञ राहिले असते. त्यानंतर त्यांना फोन करायचं धाडस मला झालं नाही. पोपटांच्या पिंजऱ्यांपुढूनही मी खाली मान घालून जाऊ लागले.

दुपारी दाराची कडी वाजली. छत्रीवाला होता. साहेब गल्लीत आलेले त्याने पाहिले होते, आणि बाबांनी गंगेत काय सोडलं तेही तिथेच पायऱ्यांवर बसून पाहिलं होतं. त्याने बेलाच्या पानांवर झेंडूचा हार आणला होता. बाबा बाहेर आले तसा तो उंबऱ्यावरच आडवा झाला.

"गुरुजी, आपने हमारी लाज रख ली. बाल-बच्चे वाले आदमी हैं."

बाबा गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिले. आत्या माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता तरी बाबा ओरडतील, निदान पाय मागे घेतील. पण कुणी वाकलं की बाबांचा हात आपोआप वर जात असे, तो तसाच गेला.

"आयुष्मान भव," बाबा म्हणाले, आणि त्याने आणलेला हार घेतला.