भाताची अक्षरं

दिवसभर भाताच्या जनुकाची अक्षरं तपासून डोळे चुरचुरत होते. आमची बियाण्यांची कंपनी पेटंटच्या अर्जासोबत या अक्षरांची लांबलचक माळ पाठवते, आणि पेटंट कार्यालय ती वेगळी फाईल म्हणून नेटवर सगळ्यांसाठी टाकतं. मांडणीत जरा चूक झाली की फाईल दुरुस्तीला परत येते. तशीच परत आलेली फाईल कशेळ्याहून कर्जतला जाताना जीपमध्येही माझ्या मांडीवर उघडी होती.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी ती अलगद वर उचलत. आत बियाण्याची कणसं होती, दाणे झडू नयेत म्हणून एवढी काळजी.

"काय वाचता, ताई?"

"भातच आहे, काका. अक्षरांत लिहिलेलं. कुणीही बघू शकतं."

"आन् घ्यायला?"

"पेटंट मिळालं, की आम्हाला विचारल्याशिवाय नाही."

त्यांनी पिशवीतल्या कणसांकडे पाहिलं.

"आमी दसऱ्याला नवी कणसं दाराला टांगतो. बघून कुणी बियाणं मागितलं, तर आमच्या गावात नाय म्हनत नाय. द्यायचं नाय, तर तुमी टांगता कशाला?"

"कायदा आहे," मी म्हणाले. जास्त बोलायचं त्राणच नव्हतं.

कर्जतला उतरताना त्यांनी एक कणीस माझ्या हातात ठेवलं. माझं नावगाव काही विचारलं नाही.

ते कणीस ऑफिसात माझ्या टेबलावर आहे. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "हे कोणाचं?"