गोधडीची चौथी बाजू

चिंध्यांचं आणि किश्श्यांचं सारखंच. मुद्दाम कोणी साठवत नाही. एक कोपऱ्यात खोचलेली असते, एक उशाखाली असते, आणि एक दिवस गाठोडं सोडावं तर खोलीभर पसारा! परवा सुनेने विचारलं, "आई, गोधडीचे आतले थर सरकू नयेत म्हणून काय करायचं?" तिला एका वाक्याचं उत्तर हवं होतं. माझ्या गाठोड्यातून पारबताबाईंची अख्खी छपरी निघाली!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणायचे. चांद्याहून दक्षिणेला जंगलात बरंच आत गेलं की आमचा लाकडाचा डेपो लागायचा. आमचे हे तिथे लाकडं मोजायचे. डेपोमागे क्वार्टरची लाइन होती. दुपारी पुरुष कामावर गेले की आम्ही बायका पारबताबाईंच्या घरापुढच्या छपरीत गोधड्या घेऊन बसायचो.

पारबताबाई जमादाराची बायको. वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. नाकावर चष्मा, हातात सुई आणि तोंडात एकच शब्द: "उसव!"

टाका वाकडा? उसव. दोरा सैल? उसव. टाका सरळ पण शिवणारीचं लक्ष नव्हतं? तरी उसव! मला शिवण चांगलं येत होतं, हे मी आजही छाती ठोकून सांगते. पण माझंही उसवायच्या.

*

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. जुनी लुगडी ओली करून, सुरकुत्या काढून एकावर एक अंथरायची. मधून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घालायचे. मग कडेपासून आत, ओळीने बारीक टाके. थरांची हिंमत नाही सरकायची!

अशी एक मोठी गोधडी अंथरून चौघी चार कोपऱ्यांना बसलो होतो. चंद्रकला माझ्या समोर. ती फॉरेस्ट गार्डची बायको. तिची जीभ सुईच्या पुढे धावायची. त्या दिवशी मात्र गप्प, मान खाली, टाका एकदम रेघेसारखा. आम्ही चकित!

तेवढ्यात तिच्या नवऱ्याने हाक मारली. चंद्रकला ताडकन उठली आणि तिच्यासोबत गोधडीही उठली! बाईने स्वतःचा पदर हातभर शिवून टाकला होता.

आम्ही हसून लोळलो. पारबताबाई हसल्या नाहीत. वाकून टाके बघितले आणि म्हणाल्या, "इतका सरळ टाका हिनं जन्मात घातला नाई. उसवू नको. पदर काप!"

*

दोरा गुंतू नये म्हणून मेणावरून ओढायचा, हे आम्हाला जैतूबाईने सांगितलं. जैतूबाई शेजारच्या गोंडांच्या गावातली. तिचा नवरा बैलजोडीने लाकूड ओढायला डेपोत यायचा आणि ही आमच्यात बसायची. ती घरून मधाच्या पोळ्याच्या मेणाची गोळी आणायची. दोरा त्यावरून दोनदा ओढला की सुई लोण्यातून गेल्यासारखी जायची.

चंद्रकलेला दुसऱ्याची गोळी वापरणं कमीपणाचं वाटलं. तिने नवऱ्याकडून जंगलातलं अख्खं पोळं मागवलं, पिळलं न पिळलं आणि दोरा त्यात बुडवून झोकात शिवत बसली. सकाळी गोधडीवर मुंग्या! अगदी टाक्याटाक्याने, रांगेत!

"मेण आधी कढवून गाळाचं असते, माय," जैतूबाई शांतपणे म्हणाली. "मध आपण खाचा. गोधडीले नाई चाराचा!"

*

कोरं कापड कापायच्या आधी पाण्यात भिजवून वाळवायचं. हे मी चंद्रकलेला दहा वेळा बजावलं होतं. ती म्हणायची, "चांगलं कापड हाय, कायले आटते?"

तिने नवऱ्याला मांजरपाटाचा पायजमा शिवला. कापड खरंच चांगलं होतं, शिलाईही पक्की. पहिल्या धुण्यात पायजमा गुडघ्याशी आला! दुसरा वाळलेला नव्हता, म्हणून तोच घालून गार्ड सुटीच्या दिवशी बाजारात गेला. नेमके समोरून फॉरेस्टचे मोठे साहेब!

साहेब त्याच्या पोटऱ्यांकडे बघत राहिले. गार्ड सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, नाला वलांडाचा हाय!"

पुढे नाला नव्हता. पण साहेब बघत होते, म्हणून बिचारा वळसा घालून साहेबांच्या बंगल्यामागच्या नाल्यातून घरी आला.

*

आता गोदेचं सांगते.

गोदा डेपोच्या ट्रक ड्रायव्हरची बायको, आमच्यात सगळ्यांत लहान. तिची दोन बाळं जन्मतःच गेली होती. ती तिसऱ्यांदा गरोदर राहिली आणि छपरीत यायचीच बंद झाली.

आमच्याकडे अशा घरात बाळासाठी नवं काही शिवत नसत. घरोघर चिंध्या मागायच्या आणि त्यांची गोधडी करायची. तीन बाजू शिवायच्या. चौथी बाजू बाळ रडल्यावरच बंद करायची, आधी नाही.

पारबताबाई तिच्या घरी गेल्या, मागोमाग आम्ही. गोदा म्हणाली, "कोणत्या तोंडानं मागू, बाई? दोनदा मागतलं. दोन्ही गोधड्या पेटीत पडून हायेत. तीन-तीन बाजूच्या."

 

पारबताबाईंनी लुगडं खोचलं. "तुले मागाले कोण सांगून राह्यलं? तू खा आन झोप. मागतो मी!"

आणि लाइनीतल्या पहिल्या घरापासून त्यांनी दारं बडवायला सुरुवात केली. "आन चिंधी! हे नाई, हे टोचते. मऊ आन!"

*

मी लग्नातल्या शालूचा कोपरा दिला. पारबताबाई म्हणाल्या, "जर काढ. पोट्ट्याच्या गालाले लागते." जर काढली. जैतूबाईने आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, इतका मऊ की तो आम्ही तोंडाकडच्या बाजूला लावला.

चंद्रकलेला घरात जुनं काही सापडेना. म्हणून तिने नवऱ्याच्या खाकी शर्टाच्या पाठीतून चौकोन कापला! तो शर्ट नवरा आता घालत नाही, अशी तिची खात्री होती.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचं इन्स्पेक्शन. गार्ड पुढून कडक, बटणं चकाचक. साहेब खूश झाले. मग तो वळला.

"हे काय आहे?" साहेब ओरडले.

गार्डने उघड्या पाठीवर हात फिरवला, सगळं समजला आणि ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, लाइनीत पोट्टं होऊन राह्यलं!"

साहेबांना काय कळलं कोण जाणे. पण संध्याकाळी बंगल्यावरून बाईसाहेबांच्या रेशमी पोलक्याचा तुकडा आला!

*

गोदेचे दिवस भरले. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. दाई आत गेली आणि आम्ही तिच्या दाराबाहेर बसलो. मध्ये गोधडी, तीन बाजू शिवलेल्या. पारबताबाईंच्या हातात दोरा ओवलेली सुई तयार.

आतून दाईचा आवाज आला, "झाली! पोट्टी हाय!"

आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. आतून रडणं ऐकू येईना. पायांवर चापट्या मारल्याचा आवाज आला. मग पुन्हा चापट्या. गोदेने विचारलं, "रडत काऊन नाई?" जैतूबाईने माझा हात घट्ट धरला.

आणि पारबताबाईंनी गोधडी मांडीवर ओढली आणि चौथी बाजू शिवायला घेतली!

"बाई, काय करून राह्यल्या?" चंद्रकला घाबरून कुजबुजली. "रडली नाई ना अजून!"

"रडते," पारबताबाई मान वर न करता म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून ओरडल्या, "गोदे, तिची गोधडी होऊन राह्यली! तिले सांग!"

तोंड दाराकडेच, सुई गोधडीत. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. सुई बोटात घुसली तरी थांबल्या नाहीत. शेवटच्या कोपऱ्याला गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

आत बारीक खोकल्यासारखं काही झालं. मग पोरगी रडली. अशी रडली की डेपोतले हमाल येऊन विचारायला लागले!

आम्ही सगळ्या रडत होतो, हसत होतो, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होतो. बाळाला गुंडाळायला गोधडी उचलली, तेव्हा चौथी बाजू उजेडात आली. एक टाका दुसऱ्याला ओळख देत नव्हता. इतकी वाकडी शिवण त्या छपरीत कधी कोणी घातली नव्हती, चंद्रकलेनेही नाही.

सवयीने माझा हात कात्रीकडे गेला. "बाई, उसवू?"

पारबताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा नाकावर ठेवला आणि ती बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली.

"खबरदार," त्या म्हणाल्या, "तिले हात लावशील तर!"