मयुरीला कोणाला सांगायचं नव्हतं

मयुरीने फोनवर सगळ्यात आधी सांगितलं, "अॅम्ब्युलन्सची गाडी धाडू नको." मग थोडं थांबून सांगितलं की सकाळपासून डाग लागतोय आणि पोटात दुखतंय.

मी उपकेंद्रात एकटीच होते. आमच्या तावडे सिस्टर मालवणला मीटिंगला गेल्या होत्या. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तेव्हा कट्टा गावाजवळच्या एका उपकेंद्रात पोस्टिंगवर होते. शिक्षण संपल्यावर आमची नोंदणी होते त्यात नर्सबरोबर मिडवाइफ हाही शब्द असतो. मिडवाइफ म्हणजे गरोदर बाईला पहिल्या महिन्यापासून बाळंतपणानंतरपर्यंत सोबत करणारी. गावात हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे आम्ही सगळ्या नर्सबाईच.

मयुरी हे तिचं खरं नाव नाही. ती काजूच्या कारखान्यात कामाला होती. नवरा जहाजावर. घरात ती आणि सासू. ती पहिल्यांदा आली तेव्हा केसपेपर काढायलाच तयार नव्हती. दोन बायका बीपी तपासून जाईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग आत येऊन दार लावून घेतलं. लघवीच्या तपासणीची पट्टी तिने घरीच बघितली होती. दोन रेघा आल्या होत्या.

तिच्या गावाला वेगळं उपकेंद्र आहे, ते तिच्या घरापासून जवळ. तरी ती बस पकडून आमच्याकडे आली होती. कारण सरळ होतं. गरोदर बाईची नोंद झाली की त्या वाडीच्या आशाताईला कळवावं लागतं. आशाताई म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याची कामं बघणारी गावातलीच बाई. मयुरीच्या वाडीची आशाताई होती तिची चुलत जाऊ, शेजारच्याच घरातली. आमच्याकडे तिसरा महिना पुरा होईपर्यंत कोणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. मयुरीचं म्हणणं होतं की नोंद झाली तर सगळ्यात आधी जावेला कळणार.

दुसरंही एक कारण होतं, ते तिने उठता उठता सांगितलं. गेल्या वर्षीही तिला दिवस गेले होते. दुसऱ्या महिन्यातच पडलं. तेव्हा तिने कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे पडल्याचंही कोणाला सांगता आलं नाही. नवरा तेव्हाही समुद्रात होता. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि नेहमीसारखे काजू सोलत बसली.

पुस्तकात 'मागील गर्भपाताचा इतिहास' असा मुद्दा असतो, तो विचारायचा असतो. विचारल्यावर पुढे काय म्हणायचं ते लिहिलेलं नसतं. तावडे सिस्टर एवढंच म्हणाल्या, "एकटीनेच काढलंस गो सगळं." मयुरीने मान हलवली आणि ओढणीने चेहरा पुसला.

सिस्टरनी मार्ग काढला. तिची नोंद माहेरच्या पत्त्यावर केली. बऱ्याच बाया बाळंतपणाला माहेरी जातात, त्यामुळे ते नियमात बसतं. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या. बाळाचा मणका नीट बनावा म्हणून या गोळ्या सुरुवातीलाच लागतात, तिसरा महिना संपायची वाट बघून चालत नाही. सोनोग्राफीचा दिवस ठरवून दिला. आणि तिच्या दुपारच्या सुट्टीत फोन करायचं काम माझ्याकडे दिलं.

हे फोन साधेच असायचे. काय खाल्लं, किती उलट्या झाल्या, लघवी नीट होते का. पोट रिकामं ठेवू नको, उठल्याबरोबर सुकी चपाती किंवा कुरमुरे खा, असं मी सांगायचे. घरात उलटीचा आवाज येऊ नये म्हणून ती गोठ्यामागे जायची. सासूला पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं. सासू रोज कोकमाचं सरबत करून द्यायची. ते पण उलटून पडायचं. हे सांगताना ती हसायची. फोन ठेवावासा वाटायचा नाही. मलाही उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळनंतर बोलायला कोणी नसायचं. घरी फोन केला तर बाबा विचारायचे, "शिक्षण बरां चाललाहा मां?" मी हो म्हणायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. पोस्टिंग म्हणजे काय, तिथे कशाची भीती वाटते, हे समजावून सांगायला सुरुवात कुठून करायची तेच कळायचं नाही.

तर त्या दिवशी तिचा फोन आला. सोनोग्राफी अजून झालेली नव्हती, म्हणजे गर्भ कुठे रुजला आहे ते माहीत नव्हतं. सुरुवातीच्या महिन्यांत थोडं स्पॉटिंग, म्हणजे डाग, बऱ्याच जणींना होतं आणि थांबतंही. पण कधी कधी गर्भ गर्भपिशवीऐवजी बाजूच्या नळीत रुजतो. ती नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि बाईचा जीव जाऊ शकतो. एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्यात कळ, ही त्याची लक्षणं.

मी सिस्टरना फोन लावला. त्या मीटिंगमधून बाहेर आल्या.

"कुठे दुखतंय तिला?"

"नीट सांगत नाही. गाडी नको एवढंच म्हणते."

"तू जा. नाडी बघ, बीपी बघ. उभी केल्यावर चक्कर येते का बघ. यातलं काहीही बिघडलेलं दिसलं तर एकशेआठची अॅम्ब्युलन्स बोलाव. आणि कॉलेजला कळव."

कॉलेजला कळवलं. तिथल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, स्टुडंटने एकटीने होम व्हिजिट करायची नाही, आशाताईला बरोबर घे. मी म्हटलं, मॅडम, तिलाच तर नेता येत नाही. मॅडमना ते पटेना. शेवटी तावडे सिस्टर स्वतः त्यांच्याशी बोलल्या आणि मला परत फोन करून म्हणाल्या, "माझ्या जबाबदारीवर पाठवते म्हणून सांगितलंय. निघ. आणि युनिफॉर्म बदल."

मी साधा ड्रेस घातला, बीपीचं मशीन पिशवीत टाकलं आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला तिथेच थांबायला सांगितलं.

मयुरीची सासू घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. हात मनगटापर्यंत लाल. मी कोण म्हणून त्यांनी विचारलं. कामावरची मैत्रीण, असं मयुरीने मला फोनवर शिकवून ठेवलं होतं, तेच मी त्यांना 'काकी' म्हणत सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं आलीस, पित्ताने हैराण झालीय, सकाळपासून उठली नाही.

मयुरी आतल्या खोलीत कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी दार लोटलं.

"दुखता खंय?"

तिने उजवीकडे खाली हात ठेवला. एकाच बाजूला. नाडी जलद होती, बीपी कमी. मी तिला हळूच उठवून बसवलं तर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून ती परत आडवी झाली. मी तिथेच एकशेआठला फोन लावला. त्यांची गाडी वाडीत येत नाही, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे मुख्य रस्त्यावर थांबते. तिथपर्यंत रिक्षाने जायचं ठरलं.

मयुरी ऐकत होती. "गेल्या टायमाक पण असाच झालेला," ती म्हणाली. "आपोआप थांबला."

"गेल्या टायमाक बाजूक कोण होता?"

"कोण नाय."

मी जमिनीवर बसले होते. मशीन पिशवीत ठेवलं. तिला सांगितलं की हे नळीतलं असू शकतं, नसूही शकतं, पण इथे बसून कळणार नाही. दवाखान्यात जायचं तर घरातून बाहेर पडावं लागेल, आणि सासू खळ्यातच आहे. तू सांगितल्याशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही. पण सांगू का?

ती म्हणाली, "तू सांग. माका जमाचा नाय."

मी बाहेर गेले. मैत्रीण नाही, नर्स आहे, इथपासून सुरुवात केली. मयुरीला दिवस गेलेत, रक्त जातंय, आत्ताच न्यावं लागेल. काकी उभ्या राहिल्या. हातातलं सोल तसंच राहिलं.

"माका कित्याक सांगूक नाय तिणां?"

मी म्हटलं, तिसरा महिना होईपर्यंत सांगत नाहीत ना, म्हणून.

"ता भायल्या लोकांक गो," काकी म्हणाल्या. "मी काय भायली?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. हात धुतले, आत गेल्या, दुसरं लुगडं नेसायला पण थांबल्या नाहीत. मयुरीला उठवताना तिचा सगळा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला.

रिक्षात बसताना गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून आवाज आला. तीच चुलत जाऊ, आशाताई.

"एवढ्या उन्हातना खंय चललात काकी?"

मयुरीने माझा हात घट्ट धरला. काकींनी मान पण पूर्ण वळवली नाही. "पित्त झालाहा हिका. दाक्तराक दाखवून येतंव. तू जरा सोलांवर लक्ष ठेव गो."

जाऊ बरं म्हणाली. रिक्षा निघाली. मयुरी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली आणि काकी म्हणाल्या, "आता रडान काय? आधी सांगूचा होता."

मुख्य रस्त्यावरून एकशेआठच्या गाडीने जिल्हा रुग्णालयात पोचलो, तिथे सोनोग्राफी झाली. गर्भ नळीत नव्हता, पिशवीतच होता. उजव्या बाजूचं दुखणं अंडाशयावरच्या गाठीचं निघालं. अशी गाठ सुरुवातीला होते आणि बहुतेक वेळा आपोआप जाते. चक्कर होती उलट्यांमुळे, अंगात पाणी कमी पडून. सलाईन लावल्यावर नाडी जागेवर आली. जिवाची भीती टळली. पण गर्भाचे ठोके दिसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही, दिवस धरलेत त्यापेक्षा कमी असतील, पुन्हा बघू.

सुरुवातीच्या गरोदरपणात हे असं वाट बघत थांबणं सगळ्यात कठीण. औषध नसतं. करण्यासारखं काही नसतं. तावडे सिस्टर मीटिंगवरून परस्पर तिथे आल्या आणि त्यांनी मयुरीला हे असंच्या असं सांगितलं. सगळं ठीक होईल असं म्हणाल्या नाहीत. तू वजन उचललंस, तू बसने आलीस, म्हणून हे झालं असं कोणी म्हटलं तर ऐकू नको, हे मात्र तिला आणि काकींना दोघींनाही बजावून सांगितलं.

दुसऱ्या सोनोग्राफीच्या आधीच माझी पोस्टिंग संपली. मी हॉस्टेलला परतले. सोनोग्राफी झाल्यावर मयुरीचा फोन दुपारीच आला, जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला.

"ठोके नाय मिळाले," ती म्हणाली.

मग तिने स्वतःच पुढे सांगितलं, "आये हय बाजूक बसली हा. माका कामाक जाऊक देना नाय."

सासूला ती आये म्हणते. मागून काकींचाच आवाज येत होता. पेज गार होतेय, फोन ठेव म्हणत होत्या. नवऱ्याला काकींनीच कळवलं होतं. वाडीत अजून कोणाला माहीत नव्हतं. जावेला अजून पित्तच माहीत होतं. पण या वेळी घरात दोघी जणी होत्या.

फोन ठेवल्यावर मी मेसमध्ये गेले. मैत्रिणी परीक्षेबद्दल बोलत होत्या. पेशंटचं कोणाला सांगायचं नसतं, हा आमचा पहिला धडा. मी ताट घेऊन त्यांच्यात बसले आणि परीक्षेबद्दल बोलले.

पोस्टिंगसाठी मी मयुरीवरच, नाव न घालता, केस स्टडी लिहिली होती; मॅडमनी तिच्यावर सही केली, थोडा उशीर लावून. विनापरवानगी व्हिजिट असा शेरा मारला नाही, त्यामागे तावडे सिस्टरांचा फोन असावा. केस स्टडीवर चर्चा झाली तेव्हा नळीतल्या गर्भाची लक्षणं मला सगळी विचारली गेली आणि मी ती सांगितली.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न आम्हाला पाठ असतात. शेवटची पाळी कधी आली, हा सगळ्यात पहिला. मी आता त्याच्याही आधी विचारते की घरात कोणाला माहीत आहे. 'कोणाला नाही' असं उत्तर आलं तर पुढच्या भेटीची तारीख जवळची देते.