धुरपताबाईंचे हात

निजामाच्या अमलात गंगाखेडला वीरुपाक्षअप्पांचं कापडाचं दुकान होतं, पण त्यांचा जीव सगळा हैदराबादहून आणलेल्या कॅमेऱ्यात. त्यांचे फोटो पाहून सगळे वाहवा करत. मडकी थापणाऱ्या धुरपताबाईंनी मात्र स्वतःचा फोटो बराच वेळ न्याहाळला.

“अप्पा, ऊन माझ्या पाठीमागं व्हतं. तोंड काळंठिक्कर आलंय. अन् मडकं थापणारे हात तर दिसंनातच.”

अप्पांना ते लागलं. दोन दिवस ते कुंभारवाड्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या सकाळी मात्र कॅमेरा घेऊन हजर झाले.

“ऊन तोंडावर येईल असं बसा, बाई. आज हातांसकट काढतो.”

नवे फोटो छापून आल्यावर बाईंनी त्यातला एक उचलला.

“ह्यो लय चांगला हाय. पर अजून जवळ या की, भेता कशाला?”

अप्पांनी तिथंच नवी फिल्म भरली.