अभ्रकाचा पापुद्रा

"ज्या दिवशी मी अभ्रक विसरेन, त्या दिवशी हे स्टूल तुझं."

मास्तर लेकीला हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती दहावीत होती. आता तिच्या केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं आणि दुकानातलं ते कामाचं स्टूल अजून मास्तरांचंच होतं.

त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही. गल्लीच्या टोकाला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, एवढंच. काचेच्या व्हॉल्व्हवर त्यांचा हात बसला, मग ट्रान्झिस्टर आले, आणि बरोबरीचे लोक हात टेकत होते त्या वयात मास्तर आयसी शिकले. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर आकृत्या काढत, आयसी जाळत, पुन्हा काढत. काडेपेटीहून लहान एका तुकड्यात अख्खा अॅम्प्लिफायर मावतो, ह्याचा त्यांना थोडा रागच होता.

आयसीची पाठ धातूची. ती अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसायची, म्हणजे उष्णता निघून जाते. पण मध्ये अभ्रकाचा पापुद्रा हवाच, नाहीतर वीज पट्टीत उतरते आणि सगळं मुसळ केरात. मास्तरांचा धाकटा भाऊ तो पापुद्रा दोनदा विसरला. "हात तुझा चांगला आहे रे, पण लक्ष उडालंय," म्हणून मास्तरांनी त्याला कामावरून उठवलं. काका पुढे घरी यायचा, चहा प्यायचा. दुकानाची पायरी मात्र तो पुन्हा चढला नाही.

त्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहासाठी दोन आयसींचा अॅम्प्लिफायर तयार होत होता. दोन आयसी, दोन पट्ट्या. सकाळी मास्तरांनी दोन्ही कसले आणि नेहमीप्रमाणे प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा जाड थेंब ठेवला. स्क्रू हलला तर थेंबाला तडा जातो. मग लेकीवर दुकान सोपवून ते जेवायला घरी गेले.

लेकीनं सहज आयसी आणि पट्टीला मीटर लावला. डावा आयसी गप्प. उजव्याला लावताच मीटर ओरडला, म्हणजे वीज पट्टीत उतरत होती.

तिनं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. मग तिनं एकदा दाराबाहेर बघितलं आणि स्क्रू काढला. आत पापुद्रा नव्हताच. तिनं तो घातला, स्क्रू कसला, मीटर गप्प झाला. तिचे हात मास्तरांनीच घडवलेले होते. ताजा थेंब ठेवून बाटलीचं झाकण लावते, तोच पायरीवर चपला वाजल्या. मास्तरांबरोबर ग्रंथपाल बाईही होत्या.

"पट्ट्या मी बसवते, बाबा," ती म्हणाली आणि दोन्ही पट्ट्या तिनंच पेटीत बसवल्या.

मास्तरांनी दिवा मध्ये घालून वीज दिली. आत घोळ असेल तर दिवा भगभगून पेटतो. दिवा क्षणभर लालसर झाला आणि विझत गेला. मग आवाज आला, स्वच्छ, भरदार.

"मास्तर, ह्यानं आमचे वक्ते कमी बोलतील का हो?"

"आवाज कमी करायचं बटण दिलंय. फिरवायची हिंमत तुमची."

बाई खळखळून हसल्या. मास्तरांनी सवयीनं आयसी किती तापलेत ते बघायला बोट लावलं. आधी डाव्याला. मग उजव्याला. बोट परत घेतलं, तर त्यावर लाल डाग.

"अगंबाई! कुणासाठी नटताय एवढं?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी डाव्या स्क्रूवरच्या थेंबावर नख घासलं. तो खडखडीत वाळलेला होता.

"बाबा, ते मी..."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं. बोट फडक्याला पुसलं. सोल्डरगनचा प्लग काढला. मग ते उठले, स्टूल तिच्या बाजूला सरकवलं, चपला पायांत घातल्या आणि पायरी उतरून गेले.