बाईने चालवलेली गाडी

माझी गाडी विकायची आहे म्हटल्यावर काल या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "बाईने चालवलेली आहे, गिअरबॉक्स बघून घ्या." म्हणून हे लिहावं लागतंय.

ऐंशीच्या दशकात घेतलेली माझी दोन दारांची स्पोर्टी गाडी. गिअर हाणणाऱ्याला ती द्यायची नव्हती.

आज तेच गृहस्थ लेकीला घेऊन गाडी बघायला आले. लेक चालवायला बसली. पेठ रोडच्या चढावर तिने तिसऱ्यातून दुसरा टाकला. वडील मागच्या सीटवरून ओरडले, "जोर लाव गं!"

"बाबा, गप्प बसा. दोन बोटांनी पडतोय."

खरंच, खट्ट आवाजही झाला नाही. मला हायसं वाटलं.

"ताई, गिअरबॉक्स नवा टाकलाय का?" वडिलांनी मला विचारलं.

"नाही. बाईने चालवलाय."

दोन किल्ल्या, आरसी बुक आणि जॅक दिला. सगळं लेकीच्या हातात.