नाव नसलेलं माप

नेमाने चर्चला जाणारी बाई म्हणते की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... वाचून हसाल. पण खरंच नाही. देवावर आहे, भानगडींवर नाही. कोणाला काही दिसलं की मी आधी विचारते, जेवला होतात का? तरीही हे लिहितेय, कारण ते माझ्याच हातून झालं आणि त्यात सुगंधा नावाच्या एका मुलीची पहिलीवहिली नोकरी अडकली होती.

मी शहापूरला शिवणक्लास घेते. गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सेवा मंडळाने मुरबाड रस्त्यापासून आत, डोंगराला लागून असलेल्या एका वाडीत सगळ्यांना चपला द्यायचं ठरवलं. आधी एकदा अंदाजाने तयार चपला वाटल्या होत्या. लोकांनी प्रेमाने घेतल्या आणि निम्म्यांनी कुडाला टांगून ठेवल्या, कारण बसतच नव्हत्या. म्हणून या वेळी मापाचं काम माझ्याकडे आलं. मापात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असते.

माझी पद्धत सांगते. उजवा पाय जमिनीवर, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरायची आणि कापायची. पायाची रुंदी भरेल तिथे एक गाठ. टोकाला कापडाची चिंधी, चिंधीवर नाव. डाव्या पायाचं माप नाही — उगाच वेळ जातो. एकेचाळीस माणसं, एकेचाळीस सुतळ्या. मी मोजल्या, मंडळातल्या माझ्या जोडीदारीण रोझीताईंनी मोजल्या, आणि पिशवीचं तोंड तिथेच शिवून टाकलं.

ती पिशवी मुरबाडच्या बाजारात चपला करणाऱ्या नामदेवमामांना दिली. महिन्याभराने आणायला गेलो तर जोड बेचाळीस! शेवटचा जोड मागून पट्टा असलेला, आणि त्यातली डावी चप्पल उजवीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड. मी भडकलेच. मामांनी शांतपणे पिशवीतून दोन सुतळ्या काढून समोर ठेवल्या. एक लांब, एक आखूड, एकत्र बांधलेल्या. चिंधी होती, तिच्यावर नाव नव्हतं. गाठी मात्र माझ्या... दोनदा फिरवून मारलेल्या, आईने शिकवलेल्या. क्लासमधल्या मुलींना त्या अजून जमत नाहीत.

“ताई, पिशवी तुमी शिवलेली, मी उसवली,” मामा म्हणाले. “दोन पाय येगळे दिसले, म्हनून मागून पट्टा लावला. नायतर चालताना निघंल.”

हा जोड इथेच राहू दे, मी म्हटलं. रोझीताईंनी तो सुतळ्यांसकट गुपचूप पिशवीत टाकला.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर वाडीत गेलो. काय मजा चालली होती! एक आजोबा चप्पल घालायलाच तयार नाहीत, आधी नुसता वास घेत बसले. बायका अंगणात फेऱ्या मारून एकमेकींना दाखवत होत्या. तेवढ्यात चांगुणाबाई आपल्या नव्या सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. लग्नाला आठच दिवस झालेले, सून उंबरमाळीकडची.

“बाय, हिचं नाव तुमच्या यादीत नाय, ठाव हाय मला,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पन उद्या सकाली हिला कामाव जायचंय.”

ही सुगंधा. शहापूरजवळच्या एका कंपनीत तिला पॅकिंगचं काम मिळालं होतं. तिथे अनवाणी आत घेत नाहीत, मागून पट्टा नसलेली चप्पलही चालत नाही. सोमवारी नीट पादत्राण घालून ये, नाहीतर दुसरीला घेऊ, असं सुपरवायझरने बजावलेलं. दोन दिवस सासू-सून शहापूरची दुकानं फिरल्या. मिळेना. कारण सुगंधाचं डावं पाऊल जन्मापासून आखूड.

रोझीताईंनी तो जोड काढून तिच्यापुढे ठेवला. तिने पट्टे लावले, उभी राहिली, दोन्ही पाय आपटून पाहिले. मग थेट वाडीच्या टोकाच्या आंब्यापर्यंत धावत गेली आणि हसत परत आली. सगळी वाडी हसत होती. मी रडत होते, लपवत नाही.

मग माझी चौकशी सुरू झाली. आम्ही मापं घेतली तेव्हा हे लग्न ठरलंही नव्हतं. नवऱ्याने तिला पाहिलं नव्हतं, ती या बाजूला कधी आली नव्हती. मी तिच्या दोन्ही पायांना त्या सुतळ्या लावून पाहिल्या — सुताचाही फरक नाही. शेवटी तिलाच विचारलं, तुझ्या पायाचं माप कोणी नेलं होतं का?

“नाय बाय. माज्या पायाकडं सगलीच बगतात,” ती म्हणाली. “माप कोनी घेतलं नाय कधी.”

रोझीताईंना काही प्रश्नच पडलेला नाही. मला मात्र सुटत नाही. माझ्या हाताने माझी गाठ मी कधी मारली, आणि कोणाच्या पायावरून? सोमवारी सकाळी मी मुद्दाम जीपच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. सुगंधा बायकांच्या गर्दीत मागच्या दाराशी बसली होती. मला पाहून तिने हात नाही केला, डावा पाय बाहेर काढून दाखवला.